मधुमेही उंदरांसाठी अलॉक्सन घ्यावं की स्ट्रेप्टोझोटोसिन?

सिनॉप्सिसचे, म्हणजे प्रबंधाचा आराखडा द्यायचे दिवस आले की एम.फार्म.ची मुलं हा प्रश्न घेऊन येतात. अलॉक्सन आणि स्ट्रेप्टोझोटोसिन ही प्रयोगासाठी उंदरांत मधुमेह निर्माण करणारी रसायनं. वनस्पती ठरलेली असते. गुडमार, मेथी, जांभळाच्या बिया, बेलाची पानं. कुणाची पानं तर सावलीत वाळूनही झालेली असतात. ‘मॅडम, उंदरांना मधुमेह कशाने करू?’ असं विचारतात, पण अलॉक्सन मनात आधीच पक्कं झालेलं असतं, कारण ते स्वस्त पडतं. माझं मत पहिल्यांदाच सांगते: वनस्पतीच्या अर्कावर काम करायचं असेल तर अलॉक्सन शक्यतो टाळा.

दोन्ही रसायनं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत एकाच दारातून शिरतात, ग्लुट-2 या वाहकातून. आत गेल्यावर त्यांचे मार्ग वेगळे होतात. अलॉक्सन मुक्त मूलकं (पेशीची नासधूस करणारे अस्थिर रेणू) तयार करतं आणि त्या माऱ्यात पेशी मरते. स्ट्रेप्टोझोटोसिन मुख्यतः पेशीच्या डीएनएवर घाव घालतं. आता तुमचा अर्क डोळ्यांसमोर आणा. त्यात फिनॉल, फ्लॅवोनॉइड, टॅनिन भरपूर, म्हणजे मुक्त मूलकं टिपणारा मालच. असा अर्क अलॉक्सनच्या आधीपासून पाजत राहिलात तर त्याने मधुमेह बरा केला की विषच बोथट केलं, हे कसं ओळखणार? साखर कमी दिसेल, आलेख देखणा येईल, पण मधुमेह मुळात नीट झालाच नव्हता. त्यातून अलॉक्सन घ्यायचंच असेल, तर मधुमेह पक्का झाल्याची खात्री करून मगच अर्क सुरू करा.

माझ्या स्वतःच्या प्रबंधात मी अलॉक्सनच घेतलं होतं. तिसऱ्या आठवड्यात पाहते तर काहीही न दिलेल्या मधुमेही गटातल्या उंदरांची साखरही खाली यायला लागलेली. अलॉक्सनच्या बाबतीत हे घडतं. बीटा पेशी पुरत्या मेल्या नसतील तर प्राणी आपोआप सावरतो. तुलना करायला गटच उरला नाही आणि सगळं पुन्हा करावं लागलं. त्या उंदरांचे जीव फुकट गेले, ही बोच अजून आहे.

अलॉक्सनचा दुसरा त्रास मात्रेचा. उंदराला (रॅटला) पोटाच्या पोकळीत टोचून साधारण 120 ते 150 मिग्रॅ प्रतिकिलो देतात, पण मधुमेह करणारी मात्रा आणि मारणारी मात्रा यांत अंतर फार थोडं. काही प्राणी दगावतात, काहींना मधुमेह होतच नाही. मग जास्तीचे प्राणी मागवा, प्राणी नीतिसमितीला कारण द्या. स्वस्ताई तिथेच संपते.

स्ट्रेप्टोझोटोसिन महाग आहे आणि नाजूकही. उणे 20 अंशांवर, उजेडापासून लांब ठेवायचं. पीएच 4.5 चं थंड सायट्रेट बफर बर्फात ठेवून, नळीला फॉइल गुंडाळून ऐन वेळी विरघळवायचं आणि लगेच टोचायचं. उरलेलं द्रावण उद्यासाठी ठेवू नका. पहिली रात्र जपायची असते. मरणाऱ्या पेशींतून इन्सुलिन एकदम बाहेर पडतं आणि साखर कोसळते, म्हणून प्यायला ग्लुकोजचं पाणी ठेवा. 72 तासांनी शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन उपाशीपोटीची साखर बघा. पण ग्लुकोमीटरच्या आधी पिंजराच सांगतो. सकाळी भुसा ओलाचिंब आणि पाण्याची बाटली रिकामी.

स्ट्रेप्टोझोटोसिन ठरलं तरी पुढे एक फाटा आहे, आणि मुलं चुकतात ती इथेच. नुसतं 55-60 मिग्रॅ प्रतिकिलो दिलं की बीटा पेशी बहुतेक नष्ट होतात. हे चित्र टाइप 1 चं. प्रबंधाची प्रस्तावना मात्र टाइप 2 वर लिहिलेली असते! तुलनेसाठी प्रमाणित औषध म्हणून ग्लिबेनक्लामाइड ही साखर उतरवणारी गोळी ठेवलेली असेल तर आणखी गोंधळ, कारण ती जिवंत बीटा पेशींकडूनच इन्सुलिन काढून घेते. टाइप 2 हवा असेल तर दोन रस्ते. आधी निकोटिनामाइड (ब3 जीवनसत्त्वाचं एक रूप) देऊन काही पेशी वाचवायच्या आणि 15 मिनिटांनी स्ट्रेप्टोझोटोसिन, ही 1998 मध्ये मांडलेली पद्धत. नाहीतर दोनेक आठवडे चरबीयुक्त आहार आणि मग स्ट्रेप्टोझोटोसिनची प्रतिकिलो 35 मिग्रॅची लहान मात्रा, ही मोहालीच्या नायपर या औषधनिर्माण संशोधन संस्थेतून 2005 मध्ये आलेली. दुसरीत इन्सुलिनला न जुमानण्याची अवस्थाही येते, म्हणून माझा कल तिच्याकडे. मेदाच्या तपासण्या करायच्या असतील तर तीच घ्या. वेळ कमी असेल तर निकोटिनामाइड.

अर्क पाण्यातला की अल्कोहोलमधला? लोक ती वनस्पती कशी घेतात ते आधी बघा. मेथीतला चिकट तंतू अल्कोहोलमध्ये उतरत नाही, आणि जेवणानंतरची साखर आवरण्यात त्याचाच मोठा हात असतो.

रक्ताच्या तपासण्यांत 28 दिवसांच्या प्रयोगावर एचबीए1सी (तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजणारी चाचणी) हमखास लिहिलेलं असतं. माणसाची तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, उंदराची साधारण 60. म्हणजे 28 दिवसांत जुन्या पेशी पुरत्या बदललेल्याही नसतात. फरक दिसला तरी अर्धवट दिसेल. उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज पाजून केलेली चाचणी यांवर भर द्या. युरिया, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि एसजीपीटी (यकृतासाठी) वाचताना लक्षात ठेवा की स्ट्रेप्टोझोटोसिन मूत्रपिंड आणि यकृतालाही इजा करतं. म्हणून मधुमेह नसलेल्या उंदरांना नुसता अर्क दिलेला एक गट हवाच. नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटून सीरम लालसर झालं असेल तर एसजीओटी या यकृताच्या दुसऱ्या तपासणीचा आकडा सोडून द्या.

आणि अर्काची मात्रा. 400 मिग्रॅ प्रतिकिलो सगळेच लिहितात. उंदराची (रॅटची) प्रतिकिलो मात्रा 6.2 ने भागली की माणसाची येते. 60 किलोच्या माणसाला ती जवळजवळ 4 ग्रॅम अर्क होते. 100 ग्रॅम पानांतून 10 ग्रॅम अर्क निघत असेल तर रोजची 40 ग्रॅम वाळकी पानं. तुमच्या आजीला दिवसाला एवढी पानं देता येतील का, हा हिशेब सिनॉप्सिसमध्ये लिहा आणि 100 मिग्रॅचाही एक गट ठेवा.