टी-शर्टवर तर्री सांडली: भांड्यांचं लिक्विड की ऑक्सिजन ब्लीच?

सकाळी पळून झाल्यावर मिसळ खाणाऱ्या भाचीचा प्रश्न आहे: ड्राय-फिट टी-शर्टवरच्या डागाला भांड्यांचं लिक्विड लावू की ऑक्सिजन ब्लीचची पावडर आणू?

तर्रीच्या डागात तेलही असतं आणि हळदीचा रंगही. ड्राय-फिट कापड बहुतेक पॉलिएस्टरचं असतं, आणि पॉलिएस्टर पाणी फारसं शोषत नाही, तेल मात्र घट्ट धरून ठेवतं. तिथे लिक्विडच कामाचं. कोरड्या डागावर थेंबभर हलक्या हाताने चोळ, दहा मिनिटांनी कोमट पाण्याने धू. खर्च जवळपास नाहीच, बाटली ओट्यावर असतेच. हळदीचा पिवळेपणा मात्र त्याने पुरता जात नाही.

पावडर महाग पडते आणि काही तास भिजवायची सवड लागते. कोमट पाण्यात तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि ते रंग उडवतं. भिजवताना डाग लाल झाला तर घाबरू नकोस, पावडर सोड्यासारखी अल्कधर्मी असते आणि त्यात हळद लालच होते. रंगीत कपडा असेल तर आधी आतल्या शिवणीवर थोडं लावून बघ.

कापडाचं म्हणशील तर स्पॅन्डेक्सला, म्हणजे कपड्यातल्या ताणल्या जाणाऱ्या धाग्याला, दोन्ही चालतात. क्लोरीनचं ब्लीच आणि कडकडीत पाणी नको, त्याने कापडाचा ताणला जायचा गुण जातो.

ताज्या, तेलकट डागाला लिक्विड. फिक्या कपड्यावर वाळलेल्या पिवळ्या डागाला आधी लिक्विड, मग पावडर. काळ्या लेगिंग्जवर पिवळं दिसतच नाही, तिथे लिक्विडवर थांब. आणि डाग हलका असून घाई नसेल, तर पावडर आणूच नकोस. तेल काढून कपडा ओलाच उन्हात घाल, उन्हाने हळद उडते.