पेंटियम टू, जुनं बायोस आणि आयएसए साउंड कार्ड: ८ महिने वापरून लिहितोय

दिवाळीत गावाला जाताना मेन स्विच बंद करून गेलो, १२ दिवसांनी येऊन माझं हे जुनं कॉम्प्युटर चालू केलं तर स्क्रीनवर सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड. म्हणजे बायोसच्या (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डावरचा प्रोग्राम) ज्या सेटिंग्ज सीमॉसमध्ये साठवलेल्या असतात, त्या गेल्या. एफ१ दाबून डॉसमध्ये (विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम) गेलो तर साउंड कार्डाची वाट लागलेली. अगदी मुकं नव्हतं, गेममध्ये दार उघडलं की त्या आवाजाचा पहिला तुकडाच परत परत वाजायचा आणि मशीन अडकायचं. दुकानात नेलं तर तिथल्या माणसाने कॅबिनेट न उघडताच सांगितलं की बोर्ड गेला, सेकंडहँड टाकून देतो, २,२०० होतील. मशीन उचललं आणि घरी आलो. ३० रुपयांचा सीआर २०३२ सेल आणि बायोसमधल्या दोन-तीन ओळी, एवढ्यात काम झालं. पैसे सांगायच्या आधी मशीन चालू होताना एकदा डिलीट दाबून बायोसमध्ये बघायला काय हरकत होती, याचा राग अजून गेलेला नाही.

मशीन म्हणजे पेंटियम टू ३५०, इंटेल ४४० बीएक्सचा बोर्ड, ६४ एमबी रॅम, माळ्यावर पडून होतं. साउंड ब्लास्टर १६ जुन्या बाजारात रविवारी १५० रुपयांना मिळालं, आयएसए म्हणजे जुन्या प्रकारच्या स्लॉटचं, आणि प्लग अँड प्ले (कार्ड लावलं की मशीनने ते आपोआप ओळखायची सोय) यायच्या आधीचं. भाच्याला प्रोग्रामिंगसाठी टर्बो सी आणि मला डॉसचे गेम, एवढ्यासाठी नवीन काही घ्यायचं नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. हे कार्ड पत्ता २२०, आयआरक्यू ५ (आयआरक्यू म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाइन), डीएमए १ आणि ५ (डीएमए म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी डेटा नेआण करायचा मार्ग) वर बसतं, बहुतेक गेम तिथेच शोधतात. पण ते प्लग अँड प्ले नसल्यामुळे ते आहे हेच बायोसला कळत नाही. बायोस चालू होताना पीसीआय (आयएसएनंतर आलेल्या स्लॉटच्या) कार्डांना आयआरक्यू वाटतं, ५ रिकामा दिसला की देऊन टाकतं लॅन कार्डाला. पीसीआय कार्डं एक लाइन आपापसात वाटून घेऊ शकतात, आयएसए कार्डाला मात्र स्वतःची वेगळी लाइन लागते. एकदा ५ पीसीआयकडे वळला की साउंड कार्डाची हाक प्रोसेसरपर्यंत पोचतच नाही, म्हणून तो तुकडा वाजत राहतो, कारण पुढचा तुकडा भरा हे सांगायला कोणी येत नाही.

पहिले दोन महिने माझं मत असं की बायोसमध्ये हात घालायचाच नाही, ऑटोवर राहू दे. लॅन कार्ड एका स्लॉटमधून काढून दुसऱ्यात लावलं, त्याला ११ मिळाला, आवाज आला, खूश. दोन मित्रांनाही हेच सांगितलं. मग यूएसबीचं पीसीआय कार्ड टाकलं आणि सगळी वाटणी परत बदलली, ५ पुन्हा गेला. तेव्हा मत बदललं. मित्रांनो, मी तेव्हा सांगितलेलं विसरा, स्लॉट बदलणं हा उपाय नाही.

उपाय हा: पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशनमध्ये जा, रिसोर्सेस कंट्रोल्ड बाय ऑटोचं मॅन्युअल करा, खाली आयआरक्यूची यादी उघडते, त्यात ५ समोर लेगसी आयएसए. डीएमए १ आणि ५ ला पण तेच. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच हे, आता कितीही पीसीआय कार्डं चढली तरी ५ वर कोणी बसत नाही. पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड हे नो ठेवा, डॉस काही स्वतः कार्डं लावून घेत नाही, ते काम बायोसलाच करावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे रिसेट कॉन्फिगरेशन डेटा. ही मला कोणी सांगितली नव्हती आणि हिच्यापायी माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. बायोस मागची वाटणी ईएससीडी नावाच्या जागेत लिहून ठेवतं. माझ्याकडे लेगसी आयएसए करूनसुद्धा लॅन कार्ड ५ वरच, कारण जुनी नोंद तशीच. रिसेट कॉन्फिगरेशन डेटा एनेबल्ड केलं, एफ१० ने सेव्ह केलं, रिस्टार्ट झाल्यावर वाटणी नव्याने झाली आणि ती ओळ आपोआप परत डिसेबल्ड झाली. त्या दिवशी गेमचं पूर्ण संगीत ऐकलं तेव्हा खरंच भरून आलं, शाळेतले दिवस आठवले. मी तर म्हणतो कुठलंही कार्ड घातलं, काढलं, हलवलं की पहिलं काम हेच करा, बाकी सगळं नंतर.

खरंच बदल झाला का हे बघायचं तर चालू होताना शेवटी पीसीआय डिव्हाइस लिस्टिंगचा तक्ता येतो, तो झरकन जातो, तेव्हा पॉज दाबा, कोणाला कुठला आयआरक्यू ते समोर दिसतं. दुकानदारालाही हेच दिसलं असतं.

पाचव्या महिन्यात आवाज तुटायला लागला तेव्हा मी परत आयआरक्यूच बघत बसलो. कारण वेगळंच निघालं, प्रिंटरसाठी पॅरलल पोर्ट ईसीपी (डीएमए वापरणारा जलद मोड) केला होता आणि त्याला डीएमए १ दिलेला, म्हणजे साउंड कार्डाचाच. तो डीएमए ३ केला, संपलं.

तक्रार एकच, आणि ती मोठी आहे. मॅन्युअल केलेलं हे सगळं एका सेलवर टिकून असतं आणि माझ्या बोर्डाच्या बायोसमध्ये ते वेगळं साठवून ठेवायची सोय नाही. प्लग लावलेला आणि स्विच चालू असला तर एटीएक्स पॉवर सप्लायच्या स्टँडबायवर (मशीन बंद असतानाही येणारी थोडीशी वीज) सीमॉस जगतं, सेलावर भार येत नाही. मेन स्विच बंद केला की सगळं सेलावर, आणि माझा जुना सेल बहुतेक बोर्ड घेतला तेव्हापासूनचा होता. आता सगळ्या सेटिंग्ज कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवल्यात, आणि एक जास्तीचा सेल पाकिटासकट शेजारीच टेपने लावलाय.