पॉवर स्टिअरिंगच्या नावाखाली 38,500 रुपये गेले. जुनी पिकअप असणाऱ्यांनी वाचावे

माझी पिकअप 2006 सालची, साध्या स्टिअरिंगची आहे. मोहोळ तालुक्यातून कांदा भरून सोलापूरच्या मार्केट यार्डात आलो की गर्दीत गाडी वळवताना खांदे भरून येत, आणि उजव्या खांद्याचे दुखणे वाढल्यावर मी पॉवर स्टिअरिंग बसवून घ्यायचे ठरवले. हा खर्च हौसेचा नव्हता.

एका गॅरेजवाल्याने नवा स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत पोचवणारा भाग), त्याला तेलाचा दाब देणारा नवा पंप, पुली, पाईप आणि मजुरी धरून 38,500 रुपये सांगितले. त्यांपैकी 20,000 रोख आगाऊ घेतले आणि 18,500 गाडी देताना यूपीआयने घेतले, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर जे नाव दिसते ते वाचा, आणि ते दुकानाचे नसेल तर तिथेच थांबा. पक्के बिल मागितल्यावर ‘जीएसटीचे वेगळे पडतील’ असे उत्तर आले, आणि मी कच्च्या चिठ्ठीवर गप्प बसलो.

खरे तर सगळे कळायला हवे होते ते त्याच संध्याकाळी. बॉनेट उघडून मी बॉक्सवर बोट ठेवले, तर काळा रंग बोटाला लागला. नव्या म्हणवल्या जाणाऱ्या बॉक्सच्या बोल्टच्या कडा पान्याने झिजलेल्या होत्या, आणि पॉवर स्टिअरिंगच्या टाकीतले तेल लालसर असायला हवे, ते काळपट होते. मी विचारलेही. ‘कारखान्यातून असाच येतो’ असे तो म्हणाला आणि दिवस मावळण्यापूर्वी यार्ड गाठायचे असल्याने मी ते मानून घेतले. वीस वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसाने ओला रंग पाहून निघून यावे, याचा संताप अजून जात नाही. पण जो माणूस ‘काका, काळजी करू नका’ म्हणत चहा पाजतो, त्याच्यावर संशय घ्यायचा तरी कसा?

अकराव्या दिवशी बार्शी रस्त्यावर सील फुटून तेल गळाले. पंपाचा दाब गेल्यावर हा बॉक्स साध्या स्टिअरिंगपेक्षाही जड होतो, कारण चाके वळवायला त्यात स्टिअरिंगचे फेरे कमी असतात आणि प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त लागतो. भरलेली गाडी मी कशीबशी कडेला घेतली. दुसऱ्या मेस्त्रीने उघडून दाखवले: बॉक्स भंगारातला होता आणि पंप दुसऱ्याच गाडीचा होता. माझा मूळ बॉक्स मात्र गॅरेजवाल्याने तोपर्यंत विकून टाकला होता. काढलेला भाग त्याच दिवशी स्वतःच्या गाडीत टाकून घरी न्या.

पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. ‘ही दिवाणी बाब आहे’ एवढे ऐकवून अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. आरटीओ कार्यालयात तर उलट मलाच विचारले की बदलापूर्वी परवानगी का घेतली नाही, आणि मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 दाखवले. कायदा असेल, पण फसवणारा मोकळा आणि फसलेला आरोपी, हा कुठला न्याय? एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर मला पाठवताना एकानेही गॅरेजचे नाव लिहून घेतले नाही.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जाता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण तिथेही पुरावा लागतो, म्हणून त्या चिठ्ठीचा, यूपीआयच्या नोंदीचा आणि रंगवलेल्या बॉक्सचा फोटो काढून ठेवला आहे.

गाडी दारात उभी आहे. साधा बॉक्स परत बसवावा म्हणून भंगारवाल्यांकडे चौकशी केली, तर माझ्या गाडीतून निघाला तसाच बॉक्स आता 7,000 रुपयांना सांगतात.