घडीच्या सोलर पॅनेलचा डायोड उडालाय: साधा टाकू, शॉट्की टाकू, की नुसती तार?

डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. दुकानात जाऊन "सोलरचा डायोड द्या" म्हटलं की काउंटरवरून एकच प्रश्न येतो, "किती अँपिअरचा?" त्याचं उत्तर द्यायच्या आधी उडालेला डायोड पॅनेलमध्ये नेमका कुठे बसला होता ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

सगळीकडे दिसणारं १०० वॅटचं घडीचं पॅनेल धरून चालू. त्यात बहुधा ३६ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. भर उन्हात लोडवर साधारण १८ व्होल्ट आणि साडेपाच अँपिअर, मोकळं मोजलं तर २१-२२ व्होल्ट. मागच्या काळ्या डबीत दोन बायपास डायोड, दर १८ सेलांमागे एक; सावलीतल्या सेलांना वळसा घालून करंट पुढे नेणारे. काही पॅनेलांत याशिवाय प्लसच्या वायरीत एक ब्लॉकिंग डायोड असतो, बॅटरीचा करंट उलटा पॅनेलमध्ये येऊ न देणारा. दोघांची कामं पूर्ण वेगळी, आणि एकासाठी उत्तम असलेली वस्तू दुसऱ्या जागी निव्वळ पैसे वाया.

कोण गेलाय ते मीटर सांगतो. उन्हात २१ ऐवजी दहा-साडेदहा व्होल्ट दिसले तर एक बायपास शॉर्ट आहे (दोन्ही दिशांनी वाहतोय) आणि त्याच्या वाटणीचे १८ सेल मुकाट बसलेत. डबीत पूर्ण व्होल्टेज पण वायरीच्या टोकाला काहीच नाही, तर ब्लॉकिंग ओपन झालाय (आतून तुटलाय) किंवा वायरच तुटलीय. ब्लॉकिंग शॉर्ट झाला किंवा बायपास ओपन झाला तर मात्र वरून काहीच कळत नाही, पॅनेल नेहमीसारखं चालतं. खात्रीसाठी डायोडचा एक पाय सोडवून मल्टीमीटरच्या डायोड रेंजवर तपासा. साधा सिलिकॉन एका बाजूने ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो, शॉट्की (कमी व्होल्टेज खाणारा डायोड) ०.१५ ते ०.३. ०.२ बघून "हा वीक झालाय" म्हणत धडधाकट शॉट्की फेकून देणारे कमी नाहीत. दोन्ही बाजूंनी शून्याजवळ म्हणजे शॉर्ट, दोन्ही बाजूंनी काहीच नाही म्हणजे ओपन.

आता बायपासच्या जागी काय टाकायचं?

साध्यांपैकी १एन४००७ हा एक अँपिअरचा आणि १एन५४०८ तीनचा, दोघेही इथे बाद. उरतो ६ए१०. सहा अँपिअर, हजार व्होल्ट, कुठल्याही दुकानात मिळतो. पण हजार व्होल्टचा इथे उपयोग शून्य, कारण या डायोडवर उलटं व्होल्टेज येतं फार तर अकरा. आणि साडेपाच अँपिअर वाहताना त्याच्यावर जवळपास ०.९ व्होल्ट पडतात, म्हणजे पाच वॅट उष्णता. तीही बंद डबीत, तापलेल्या पॅनेलच्या पाठीला चिकटून. त्याचे सहा अँपिअर मोकळ्या हवेतले आहेत, एप्रिलच्या उन्हातल्या डबीतले नाहीत.

शॉट्कीतला १०एसक्यू०४५ म्हणजे दहा अँपिअर, ४५ व्होल्ट. १५एसक्यू०४५ पंधराचा. तेवढ्याच करंटला उष्णता साधारण निम्मी. गरम झाल्यावर शॉट्कीतून उलट्या दिशेने थोडी गळती होते हे खरं, पण १८ सेलांच्या रांगेपुढे ती मोजण्याजोगी नाही. पाय जाड असतात, डबीतल्या तांब्याच्या पट्टीच्या भोकात शिरले नाहीत तर वरून सोल्डर करा. तीन अँपिअरचे दोन १एन५८२२ शॉट्की शेजारी शेजारी जोडून "तीन अधिक तीन सहा" हा हिशोब मात्र करू नका. जो आधी तापतो त्याचं व्होल्टेज उतरतं, मग तोच जास्त करंट ओढतो आणि आणखी तापतो.

तिसरा पर्याय मॉसफेटवाल्या (डायोडऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच असलेल्या) 'स्मार्ट' बायपासचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एसएम७४६११ वर आठ अँपिअरला सरासरी २६ मिलिव्होल्टच पडतात. वस्तू देखणी आहे, पण तो सपाट चिप, लांब पायांचा नाही. घडीच्या एका पॅनेलसाठी ही चैन आहे.

याचं कारण फारसं कुणी सांगत नाही. एकच १८ व्होल्टचं पॅनेल साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरमधून (पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर ओढणारा चार्ज कंट्रोलर) १२ व्होल्टच्या बॅटरीला लावलेलं असेल, तर बायपास डायोड जवळपास कधीच कामाला येत नाही. अर्ध्या पॅनेलवर सावली पडली की उरलेलं अर्धं देणार नऊ-दहा व्होल्ट. तेवढ्यावर तेरा व्होल्टची बॅटरी चार्ज होत नाही, वाट मोकळी असो वा नसो. म्हणून अशा जोडणीत शॉर्ट झालेला बायपास कापून टाकला तरी पॅनेल त्याच दिवशी पूर्ण ताकदीने चालू होतं, नवा सावकाश आणा. दोन पॅनेल सिरीजमध्ये असतील, किंवा पॅनेलवरून थेट पाच व्होल्टच्या यूएसबीला वीज उतरवत असाल, तर मात्र बायपास हवाच. तो नसेल तर सावलीतला सेल तापून डाग पडतो. तिथे १०एसक्यू०४५ डोळे मिटून घ्या.

ब्लॉकिंगचा हिशोब वेगळा, कारण हा डायोड ऊन असेतोवर सतत वाहतो. ६ए१० असेल तर पाच वॅट गेले, शॉट्की असेल तर अडीचच्या आसपास, मॉसफेटचं 'आयडियल डायोड' मॉड्यूल असेल तर अर्ध्या वॅटच्याही आत. पण पीडब्ल्यूएमला किंवा थेट बॅटरीला या वॅटांचं फारसं सुतक नसतं. १८ व्होल्टचं पॅनेल १३ व्होल्टवर ओढलं जात असताना एक व्होल्ट डायोडने खाल्ला तरी बॅटरीत जाणारे अँपिअर तेवढेच राहतात. एमपीपीटीला (पॅनेलची पूर्ण ताकद काढणारा कंट्रोलर) किंवा पॉवर स्टेशनला (कंट्रोलरसकट बॅटरीचा तयार डबा) मात्र प्रत्येक वॅट जाणवतो.

तरीही ब्लॉकिंगच्या जागी माझं मत नुसत्या तारेकडे झुकतं. रात्री बॅटरीचा करंट उलटा पॅनेलमध्ये जाऊ न देण्याचं काम चार्ज कंट्रोलर करतोच. मग तेच काम दुसऱ्याला का द्यायचं? पॅनेल कंट्रोलरशिवाय थेट बॅटरीला लावत असाल, तरच तिथे शॉट्की ठेवा. "ब्लॉकिंग असला की बॅटरी उलटी लागली तरी चालतं" हा समजही काढून टाका. बॅटरी उलटी लागली की बायपास आणि ब्लॉकिंग दोन्ही त्या करंटला सरळ दिशेने वाट देतात आणि एका झटक्यात जातात. तेव्हा डायोडबरोबर बॅटरीच्या वायरीत दहा अँपिअरचा फ्यूजही टाका.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत यातलं बहुतेक सगळं मिळेल. काम करताना पॅनेलचं तोंड जाड चादरीने झाका. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न घेऊ नका, पट्टी सगळी उष्णता ओढून घेते, सोल्डर वितळत नाही आणि तोवर खालचं प्लॅस्टिक मऊ पडतं. ६० वॅटचं घ्या आणि झटपट उरका. बायपास डायोडच्या अंगावरची पांढरी पट्टी प्लसच्या दिशेला, ब्लॉकिंगची पट्टी बाहेर जाणाऱ्या वायरीच्या दिशेला. बायपास उलटा बसला तर त्याच्या वाटणीचे १८ सेलच शॉर्ट होतात. डबी बंद करायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांब्याच्या पट्ट्या खातं. 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं मागा.

डबी कडक इपॉक्सीने भरलेली असेल तर डायोड कुठला याचा विचार नंतर. पॅनेलमधून वर येणाऱ्या पट्ट्या कागदासारख्या पातळ असतात. टोकरताना त्यातली एक मुळातून तुटली की पॅनेल कायमचं गेलं. अशा पॅनेलवर हात टाकायचा तो नवं घ्यायची तयारी ठेवूनच.