७,००० पौंडांचा ट्रेलर: हाफ-टन पिकअप पुरेल की थ्री-क्वार्टर-टन घ्यावा?

अमेरिकेत कॅम्पिंग ट्रेलर घ्यायचं ठरलं की घरात आधी ट्रेलरचा नकाशा पाहिला जातो. मुलांना बंक (एकावर एक पलंग) आहेत का, ओटा केवढा आहे, उन्हाळ्यात आई-बाबा आले तर त्यांना नीट झोपता येईल का. ट्रकचा विचार शेवटी येतो आणि तोही एका आकड्यावर उरकतो: "हा ट्रक १३,००० पौंड ओढतो, आपला ट्रेलर तर ७,०००चाच आहे." चूक इथेच होते. ट्रकची ओढायची ताकद संपायच्या कितीतरी आधी त्याची पाठ भरते.

ड्रायव्हरचं दार उघडा. दार लागतं त्या खांबावर टायरच्या माहितीचं पांढरं-पिवळं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर छापलेलं असतं. तो आकडा म्हणजे पेलोड, आणि तो त्या मॉडेलचा नसून तुमच्यासमोर उभ्या असलेल्या नेमक्या त्या गाडीचा असतो. सनरूफ, मोठी चाकं, फोर-बाय-फोर असं जे जे कारखान्यात चढवलं, ते त्यातून आधीच वजा झालेलं असतं. म्हणून एकाच नावाच्या दोन ट्रकांच्या पेलोडमध्ये तीन-चारशे पौंडांचा फरक सहज सापडतो. जाहिरातीतला ओढण्याचा आकडा मात्र चाचणीतला आहे. त्या चाचणीत दीडशे-दीडशे पौंडांची दोनच माणसं आणि ट्रेलरच्या वजनाच्या १० टक्के टंग वेट धरतात. मागे मुलं नाहीत, कूलर नाही, लाकडं नाहीत.

टंग वेट म्हणजे हिचच्या, म्हणजे ट्रकमागे ट्रेलर जोडायच्या सांध्याच्या, गोळ्यावर पडणारा ट्रेलरचा भार. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो आणि तो सगळा ट्रकच्या पेलोडमध्ये मोजतात. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, हे गावाकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. ट्रेलरचंही तसंच आहे, फक्त इथे वेग ताशी ६० मैलांचा असतो. पेलोड वाचवायला काही जण जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवतात. टंग वेट १० टक्क्यांखाली गेलं की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो, आणि एकदा डोलायला लागला की ट्रकलाच हलवतो. हा उपाय कृपा करून कोणी करू नये.

आता हिशेब मांडू. चौघांच्या कुटुंबासाठी बंकवाला २६ फुटी ट्रेलर घेऊ. रिकाम्याचं वजन ५,६०० पौंड, जास्तीत जास्त परवानगी ७,२००. विक्रेता ५,६०० सांगेल, तो आकडा सोडून द्या. गॅसच्या दोन टाक्या, बॅटरी, भांडी, अंथरुणं, डाळ-तांदूळ चढले, ४० गॅलन पाणी भरलं (तेच ३३० पौंडांच्या वर जातं) की प्रवासातलं वजन ६,८००च्या आसपास येतं. १३ टक्क्यांनी टंग वेट ८८०.

हाफ-टन, म्हणजे फोर्ड एफ-१५० किंवा शेव्हरले सिल्व्हराडो १५०० या वर्गातला चार दारांचा, फोर-बाय-फोर ट्रक. स्टिकरवर समजा १,५८० पौंड आहेत, जो या वर्गात नेहमी दिसणारा आकडा आहे. ८८० टंगचे, ९० वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे (भार वाटून देणारा हिच), ४८० नवरा-बायको आणि दोन मुलांचे. झाले १,४५०. उरले १३० पौंड. त्यात दोन सायकली, भरलेला कूलर, छोटा जनरेटर, मागच्या हौद्याचं झाकण आणि थोडं सरपण धरा, २४० होतात. म्हणजे ११० पौंड जास्त. आई-बाबांना पुढच्या बाकावर जागा करून बरोबर नेलं तर आणखी २९०. एकूण ४०० पौंड जास्त. त्यांना ट्रेलरमध्ये बसवावं म्हटलं, तर चालत्या ट्रेलरमध्ये बसणं अनेक राज्यांत बेकायदा आहे आणि कायदा नसता तरी मी बसवलं नसतं.

"एअरबॅग (मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) टाकू, ट्रक मागून खाली बसणार नाही," असं सुचवलं जातं. एअरबॅगने ट्रक सरळ दिसतो, पण अ‍ॅक्सल, ब्रेक आणि टायर तेच राहतात आणि स्टिकरवरचा आकडाही तोच. वेट डिस्ट्रिब्युशन हिच थोडा भार पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि ट्रेलरच्या चाकांवर सरकवतो. तो जरूर हवा, पण पेलोड वाढला असं धरू नका. ट्रकच्या हिचवरही स्वतःचं लेबल असतं. तो आकडाही ८८०पेक्षा मोठा आहे ना, ते वाकून वाचा.

थ्री-क्वार्टर-टन, म्हणजे एफ-२५० किंवा २५०० वर्गातला ट्रक, पेट्रोल इंजिनाचा. पेलोड साधारण ३,००० पौंड. वरचा सगळा हिशेब, आई-बाबा धरून, १,९८० होतो आणि तरी हजारभर पौंड शिल्लक राहतात. किंमत रोज मोजावी लागते: ट्रकची लांबी जवळपास २१ फूट, घरच्या गॅरेजमध्ये बहुधा मावत नाही, रिकामा असताना खड्ड्यात आपटतो, पेट्रोल भरपूर पितो.

डिझेलबद्दल मात्र नीट पाहायला हवं. डिझेल म्हणजे जास्त ताकद, म्हणून जास्त भार, असं आपण गृहीत धरतो. पण या वर्गात बऱ्याच ट्रकांचं, ट्रक आणि त्यावरचा भार मिळून, एकूण परवानगीचं वजन १०,००० पौंडच असतं, आणि डिझेल इंजिन कितीतरी जड. त्यामुळे ओढण्याचा आकडा वाढतो आणि पेलोड पाच-सातशे पौंडांनी घटतो. वर सुमारे १०,००० डॉलर जास्त. ७,००० पौंडांच्या ट्रेलरसाठी ते देण्याचं कारण मला दिसत नाही, तुम्ही डोंगरात राहत नसाल तर.

आणि डोंगराचं कारण खरं आहे. डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांच्या वर जातो. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे जवळजवळ एक तृतीयांश गेली. टर्बोवाल्या हाफ-टनला हे फारसं जाणवत नाही, डिझेललाही नाही. पण चढापेक्षा बोगद्यानंतरचा सिल्व्हरथॉर्नकडचा उतार जास्त जोखतो. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी तिथे कडेला खडीचे चढ उगाच बांधलेले नाहीत. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्याच जोरावर वेग रोखणारा) अशा ठिकाणी पैसे वसूल करतो. पेट्रोल असेल तर आपल्या घाटातला जुना नियम पाळायचा: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

माझा कौल असा. ट्रेलर हाच ठरला असेल आणि वर्षातून दहा-बारा वेळा निघणार असाल, तर पेट्रोलचा थ्री-क्वार्टर-टन घ्या. ट्रक रोज ऑफिसला न्यायचा असेल आणि ट्रेलर तीन-चार वेळाच निघणार असेल, तर हाफ-टन घ्या, पण मग ट्रेलर परवानगीच्या वजनाने ५,०००च्या आतला बघा. त्याचं टंग वेट ६५०च्या आसपास राहतं आणि कूलरलाही जागा उरते. टोयोटा टॅकोमासारखा मिडसाइझ, म्हणजे हाफ-टनपेक्षा लहान पिकअप, कागदावर ६,५०० पर्यंत ओढतो, पण त्याचा पेलोड बहुधा १,१००-१,२००च असतो. तो ३,५०० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरसाठी ठेवावा.

सही करायच्या आधी स्टिकरचा फोटो काढा. ट्रेलर घरी आला की पहिल्या सहलीला निघताना, सगळे बसलेले आणि टाक्या भरलेल्या असताना, हायवेवरच्या ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर चढा. बटण दाबून सांगितलं की दोन मिनिटांत पावती मिळते: पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल, ट्रेलरचे अ‍ॅक्सल. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज दारातल्या दुसऱ्या लेबलवरच्या ट्रकच्या एकूण परवानगीशी ताडून पाहा, आणि मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा त्याच लेबलवरच्या त्याच्या मर्यादेशी. जास्त निघालं तर आधी पाण्याची टाकी रिकामी करा. पाणी कॅम्पग्राउंडवर बहुधा मिळतंच.