हॉर्नेडी इंटरलॉक १५० ग्रेन सॉफ्ट पॉइंट: हरणासाठी एवढी बुलेट पुरे

३०-०६ मापाच्या रायफलसाठी हरणाची बुलेट घ्यायला गेलं की त्या रॅकसमोर अर्धा तास जातोच. राउंड नोज (गोल टोक), फ्लॅट पॉइंट (चपटं टोक), स्पिट्झर (अणकुचीदार), बोट टेल (बूड निमुळतं), लाल टोकाची, निळ्या टोकाची, सगळ्या .३०८ इंच व्यासाच्याच, आणि शेवटी बहुतेक लोक लाल टोकवाली उचलतात कारण ती दिसते रॉकेटसारखी. मी गेले काही सीझन हॉर्नेडी कंपनीची साधी इंटरलॉक सॉफ्ट पॉइंट घरीच काडतुसात भरतोय, वजन १५० ग्रेन (साधारण पावणेदहा ग्रॅम), टोकाला उघडं शिसं, बूड सपाट, आणि पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात हरणासाठी याहून जास्त पैसे घालायचं कारण मला तरी दिसत नाही.

भारतातून वाचणाऱ्यांनी फक्त वाचा हं, तिकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे आणि लायसन्सशिवाय घरी काडतुसं भरणं हा वेगळाच गुन्हा. इकडे अमेरिकेत ग्रीन कार्ड असेल तर बुलेट घ्यायला व्हिसाची आडकाठी नाही, एच-वन-बी वाल्यांनी मात्र आधी हंटिंग लायसन्स काढा, कारण फेडरल कायद्यात सुटी बुलेटसुद्धा दारूगोळ्यातच धरतात.

तर आकाराचं. हॉर्नेडीच्याच आकड्यांप्रमाणे या बुलेटचा बीसी म्हणजे हवा कापायचा आकडा (जितका मोठा तितकी हवेत कमी अडते) .३३८ आहे, आणि त्यांचीच लाल टोकाची बोट टेल एसएसटी, वजन तेच १५० ग्रेन, तिचा .४१५. कागदावर बघून वाटतं की बापरे केवढा फरक. पण दोन्ही २,९०० फूट प्रति सेकंदाच्या आसपास सोडल्या आणि २०० यार्डांवर झीरो केल्या, म्हणजे नेम तिथे जुळवला, तर ३०० यार्डांवर खाली पडण्यातला फरक इंचभरसुद्धा येत नाही. आणि हरणाची छातीतली मारायची जागा चांगली आठ इंचांची असते. शिवाय हेमलॉक आणि माउंटन लॉरेलच्या त्या गचपणात ३०० यार्ड दिसतंय कुणाला, विजेच्या तारांखाली साफ केलेला पट्टा सोडला तर बहुतेक शॉट १०० यार्डांच्या आतलेच. टेक्सास नाहीतर वायोमिंगच्या मोकळ्या रानात वारा असतो, अंतरं लांब असतात, तिथे बोट टेलचे पैसे वसूल होतात, ते मान्य.

मग काहीजण उलट्या टोकाला जातात, म्हणतात जंगलच आहे ना, मग राउंड नोज घे, ती झुडपं फोडून सरळ जाते. हे कॅम्पवरच्या म्हाताऱ्यांचं लाडकं मत आहे आणि ते चहाबरोबर ऐकायला बरं वाटतं, पण फांदीला लागली की कुठल्याही आकाराची बुलेट वळू शकते, टोक बोथट आहे म्हणून फांदी तिला सोडत नाही. मोकळी वाट दिसली तर मारा, नाहीतर थांबा, बुलेट बदलून हा प्रश्न सुटत नाही.

बोथट टोक खरंच लागतं ते ३०-३० ला, म्हणजे विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६ असल्या लिव्हर ॲक्शनला. त्यात काडतुसं बॅरलखालच्या मॅगझिनच्या नळीत एकामागे एक बसतात, मागच्या बुलेटचं टोक थेट पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (ठिणगी देणाऱ्या टोपीवर) टेकलेलं असतं, आणि टणक टोकदार बुलेट असेल तर धक्क्यानं नळीतल्या नळीत काडतूस उडू शकतं. म्हणून तिथे फ्लॅट पॉइंट, नाहीतर हॉर्नेडीच्याच एफटीएक्ससारखी मऊ रबरी टोकाची, बाकी चर्चाच नको. आणि इथे एक गंमत आहे जी नवीन लोडरला कुणी सांगत नाही, ३०-३० आणि ३०-०६ दोन्हींची बुलेट .३०८ इंचाचीच, पण ३०-३० साठी बनवलेली बुलेट कमी वेगाला उघडावी म्हणून मवाळ असते, ती ३०-०६ च्या वेगानं हाणली की जवळच्या हरणात फुटून चुरा होतो. डब्यावर ३०-३० लिहिलंय का ते वाचा, नुसत्या टोकाकडे बघून डबा उचलू नका.

माझ्या मते तर टोकापेक्षा आतलं बांधकाम जास्त बघावं. इंटरलॉकमध्ये जॅकेटच्या आतून एक कडं असतं, ते शिशाला धरून ठेवतं, त्यामुळे पुढून फुलली तरी शिसं आणि तांबं सहसा वेगळं होत नाही. मागे एका दुसऱ्याच कंपनीची प्लॅस्टिक टोकाची बुलेट होती, नाव घेत नाही, जवळून खांद्यावर लागली आणि पुढच्या फऱ्याचं सगळं मटण रक्ताळून काळंनिळं, अर्धं फेकावं लागलं. अहो, त्या फऱ्याचं मालवणी मसाल्यातलं सुकं ठरलं होतं, घरी बायको काय म्हणाली ते लिहीत नाही. इंटरलॉकनं मटणाची नासाडी कमी होते, पण खांद्याच्या मागे फासळीत मारा, कुठलीही बुलेट हाडावर घातली की थोडं मटण जाणारच.

याच्या वरची पायरी म्हणजे नॉस्लर पार्टिशन. जॉन नॉस्लर १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूसच्या (प्रचंड मोठ्या हरणाच्या) मागे होते, त्यांच्या बुलेट वरच्यावर फुटून गेल्या, तेव्हा त्यांनी मध्ये तांब्याची भिंत घालून पुढचं शिसं फुलेल आणि मागचं शाबूत राहील अशी बुलेट काढली. एल्क, मूस असेल तर डोळे झाकून घ्या. पण पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ५० चा डबा घेऊन नगाला दुप्पट-तिप्पट देणं मला जड जातं, इंटरलॉकच्या डब्यात १०० येतात.

आता भरायच्या टेबलावरचं. सपाट बुडाची बुलेट केसच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) तोंडात बसवताना जरा कुरकुरते. बोट टेल स्वतःहून सरळ उभी राहते, ही नाही, बोटानं धरून आत न्यावी लागते, आणि तोंडाची आतली कड घासून घेतली नसेल तर डाय (बुलेट दाबून बसवणारा साचा) खाली आली की तांब्याची केसासारखी बारीक साल निघून केसच्या गळ्याशी वळवळत राहते. चॅम्फर टूलचे दोन वेढे दिले की हा प्रॉब्लेम संपला. राउंड नोजवरून टोकदारवर आलात तर सीटिंग डायमधला स्टेम (बुलेटच्या टोकावर दाबणारा दांडा) पण बदला, नाहीतर टोक चेपतं आणि प्रत्येक काडतुसाची लांबी वेगळी भरते. उघड्या शिशाची टोकं मुळात थोडी कमीजास्त असतातच, म्हणून मी कॅलिपरला कंपॅरेटर लावून ओजाइव्हवरून, म्हणजे टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या बाकावरून मोजतो, टोकावरून नाही. मॅगझिनमध्ये खालची काडतुसं दोन-चार शॉटच्या धक्क्यानं टोकाला चपटी होतात, नखानं दाबलं तरी खूण उठते एवढं शिसं मऊ, पण १०० यार्डांवर त्यानं काही बिघडत नाही, टार्गेटवर मुद्दाम चपटी मारून बघितलीत तरी चालेल.

एक मात्र कानाला खडा लावून ठेवा: आकार बदलला की लोड, म्हणजे पावडरचं प्रमाण, नव्यानं सुरू करायचा. वजन १५० च्या जागी १५० असलं तरी. बुलेटचा बॅरलला घासणारा भाग बदलतो, ती केसमध्ये किती खोल जाते ते बदलतं, आणि त्याबरोबर प्रेशर. त्या नेमक्या बुलेटचा डेटा मॅन्युअलमध्ये शोधा, खालच्या आकड्यापासून चढत जा, मित्राच्या वहीतला आकडा उचलू नका. पूर्ण तांब्याची घेत असाल, बार्न्स वगैरे, तर ती त्याच वजनाला शिशाच्या बुलेटपेक्षा लांब असते आणि पावडरची जागा खाते, म्हणून त्यात लोक एक पायरी हलकं वजन घेतात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना तर पर्यायच नाही, तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं बंदच आहे. घरात लहान मुलं मटण खाणार असतील तर तांबं घ्यायचा विचार इकडेही करायला हरकत नाही, मी स्वतः जखमेच्या आसपासचं मटण सढळ हातानं कापून टाकतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या चपट्या होणाऱ्या टोकांसाठी, बिघडत काही नसलं तरी महागाची स्कोप लावलेल्या रायफलमधून तसं काडतूस बाहेर आलं की डोळ्याला खुपतंच. ३०-०६ आणि .३०८ विंचेस्टर वाल्यांनी, शॉट २५० यार्डांच्या आत असतील तर, बिनधास्त घ्या, ३०-३० वाल्यांनी हा डबा परत ठेवून त्याच रॅकवरचा १७० ग्रेनचा फ्लॅट पॉइंट बघा. आणि घ्यायचं तर उन्हाळ्यातच घ्या, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी इथला रायफलचा सीझन उघडतो आणि ऑक्टोबरात रॅकवर उरतात ते नको असलेल्या वजनांचे डबे.