पहिली नोकरी, पहिला पगार: नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन आणि अँबिशनबॉक्स वापरून आलेला अनुभव

मेकॅनिकलची डिग्री झाली, पण कॅम्पसला आलेल्या बहुतेक कंपन्या सॉफ्टवेअरच्या होत्या. मला शॉप फ्लोअरवरच काम करायचं होतं, तेही क्वालिटीत. मग कऱ्हाडला घरी बसून ऑनलाइन शोधाशोध सुरू केली आणि जुलै २०२५ मध्ये चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कंपनीचं ऑफर लेटर हातात आलं. आता कॉलेजातल्या ज्युनिअर मुली विचारतात, "ताई, कुठलं ॲप चांगलं?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. कोअरमध्ये, म्हणजे आपल्याच शाखेच्या कामात, जायचंय अशा मुलांनाही उपयोगी पडेल.

आधी नोकरी डॉट कॉम. १९९७ पासून चालू असलेली ही साइट मेकॅनिकलवाल्यांसाठी आजही पहिल्या नंबरवर आहे, असं माझं स्पष्ट मत. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव इथल्या मध्यम कंपन्या आमच्यासारख्या कॉलेजांत क्वचितच येतात. त्यांचे एचआरवाले इथे जाहिरात टाकतात, नाहीतर थेट रेझडेक्समध्ये शोधतात. रेझडेक्स म्हणजे आपण भरलेल्या सगळ्या प्रोफाइलचा साठा. कंपन्या पैसे भरून त्यात शब्द टाकून माणसं शोधतात, आणि अलीकडे कोण साइटवर येऊन गेलंय तेवढेच बघतात. त्यामुळे प्रोफाइल एकदा भरून सोडून द्यायचं नाही, दोन-तीन दिवसांआड उघडून काहीतरी सुधारायचं. शब्दही नेमके हवेत. "हार्डवर्किंग, टीम प्लेअर" टाकून कुणी शोधत नाही. मी हेडलाइनमध्ये व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज, जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार-मापांच्या मर्यादा), सेव्हन क्यूसी टूल्स (दर्जा तपासायच्या सात पद्धती) एवढंच लिहिलं, कारण इंटर्नशिपमध्ये हे खरोखर हाताळलं होतं. मुलाखतीत माझ्या हातात मायक्रोमीटर आणि एक बुश देऊन रीडिंग घ्यायला लावलं. ज्याला लीस्ट काउंट, म्हणजे त्या साधनाने मोजता येणारं सर्वात लहान माप, सांगता येत नाही त्याचं पुढचं बोलणंच होत नाही, तेव्हा येत नसेल ते लिहू नका.

जाहिरात शेवटपर्यंत वाचा. 'ट्रेनी' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, ही बहुधा कंपनीच्या पेरोलवरची नोकरी, पगार थेट कंपनीकडून. नॅट्स (सरकारची नॅशनल ॲप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम) लिहिलं असेल तर ती ॲप्रेंटिसशिप: स्टायपेंड मिळतो, पीएफ कापला जात नाही आणि मुदत संपल्यावर तुम्हाला कायम करायला कंपनी बांधील नसते. थर्ड पार्टी पेरोल म्हणजे काम या कंपनीत आणि पगार कंत्राटदाराकडून. तिन्हींत शिकायला मिळतं, ॲप्रेंटिसशिप करून चांगल्या ठिकाणी लागलेले सिनिअर मला माहीत आहेत. फक्त फोन आला की पहिल्याच बोलण्यात "पेरोल कुणाचा?" हे विचारून घ्या.

पैसे मागणारे फोनही येतात. मला एकाने मोठ्या कंपनीचं नाव सांगून "सिलेक्शन झालंय, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा" म्हणून सांगितलं. नोकरी देणारा पैसे मागत नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, गेटपास, कशाच्याही नावाखाली मागितले तर फोन ठेवा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. आमच्यासारख्या छोट्या गावातल्या घरांत अशा फोनवर आईवडील चटकन विश्वास ठेवतात, म्हणून घरीही आधीच सांगून ठेवा.

लिंक्डइनवर अर्ज करण्यात मी फार वेळ घालवला नाही. फ्रेशरच्या जाहिरातीवर तिथे बघता बघता शेकड्यांनी अर्ज पडतात. पण तिथली एक सोय मला सोन्यासारखी वाटते. कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची वेगळी यादी असते, आणि ती शहर व कंपनीप्रमाणे चाळता येते. त्यातून आमच्या कॉलेजचा एक सिनिअर चाकणलाच क्वालिटीत सापडला. "दादा, रेफरन्स द्या" असं मी लिहिलं नाही. तुमच्या लाइनवर इन्कमिंग इन्स्पेक्शनला, म्हणजे बाहेरून आलेल्या मालाच्या तपासणीला, फ्रेशरला नेमकं काय करावं लागतं, एवढंच विचारलं. त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला, अर्धा तास बोलला, आणि शेवटी म्हणाला, "सीटीसीचं सोड, हातात किती येणार ते विचार."

सीटीसी म्हणजे कॉस्ट टू कंपनी, कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. हे वाक्य प्रत्येक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावायला हवं. कारण या सगळ्या साइट्स तुम्हाला मुलाखतीच्या खुर्चीपर्यंत नेतात, त्यापुढे पगाराचा कागद आपला आपल्यालाच वाचावा लागतो.

त्या तयारीसाठी अँबिशनबॉक्स चांगलं आहे. नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एजचीच ही साइट. कंपनी आणि पद टाकलं की तिथल्या लोकांनी स्वतः भरलेले पगार दिसतात. आकड्याशेजारी तो किती जणांच्या माहितीवरून काढलाय हे जरूर बघा. मोजक्या जणांनी भरलेल्या सरासरीवर एचआरशी वाद घालायला जाऊ नये. मी एकाच कंपनीऐवजी चाकणमधल्या तशाच चार-पाच कंपन्यांचे जीईटीचे पगार वहीत लिहून काढले, तेव्हा मला आलेली ऑफर त्या पट्ट्यातच बसतेय हे कळलं. म्हणजे सीटीसीवर ओढाताण करण्यात अर्थ नव्हता.

ऑफर होती वर्षाला ३ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला ३० हजार. बाबा खूश, मीसुद्धा. पण मेल करून ब्रेकअप, म्हणजे सीटीसीची फोड, मागवला. ब्रेकअप मागण्यात उद्धटपणा काही नाही, तो आपला हक्कच आहे. त्यात बेसिक १५,००० होता. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० सीटीसीतच धरला होता. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ७२२, जी माझ्यासारख्या कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षं टिकल्यावरच मिळते. मेडिक्लेमचे ४७८. आणि व्हेरिएबल महिन्याला ३,०००, म्हणजे वर्षाचे ३६ हजार, वर्षअखेरीला कामगिरी बघून देणार. बेसिक सोडून हे सगळं ३० हजारांतून वजा केल्यावर ग्रॉस, म्हणजे कापाकापीआधीचा महिन्याचा पगार, उरला २४,०००. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ आणखी १,८०० गेला की हातात २२,२००. पीएफ वाया जात नाही, तो आपलाच पैसा आहे आणि कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनकडे जातात, हेही खरं. पण भोसरीतल्या पीजीचं भाडं पीएफमधून देता येत नाही.

एचआरच्या सरांना फोन केला. ते चांगले होते, पण पहिलंच वाक्य अपेक्षेप्रमाणे आलं, "मॅडम, फ्रेशर्सचा स्लॅब ठरलेला आहे, सीटीसी बदलता येणार नाही."

मी म्हटलं, "सर, सीटीसी तेवढाच राहू द्या. व्हेरिएबलमधले वर्षाचे चोवीस हजार फिक्समध्ये घेता येतील का? मला पीजीचं भाडं दर महिन्याला भरायचंय."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग "विचारून सांगतो" म्हणाले. दोन दिवसांनी सुधारलेलं पत्र आलं. बेसिक तोच, स्पेशल अलाउन्स २,००० ने वाढलेला, व्हेरिएबल वर्षाला १२ हजारांवर आलेलं. ग्रॉस २६,००० झाला. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, तो ओलांडल्यामुळे दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जायला लागले. तरी हातात २४,००० आले, आधीपेक्षा १,८०० जास्त. कंपनीची बस आणि कँटीन आहे, दोन्हीचं वेगळं काही कापत नाहीत, हेही त्याच फोनवर विचारून मेलवर लिहून घेतलं. चाकणला बस नसेल तर नाशिक फाट्यावरून रोज येण्याजाण्यातच पगाराचा बराच भाग जातो, त्यामुळे हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा आहे.

बाँडबद्दल, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याच्या कराराबद्दल, मात्र सावध राहा. दुसऱ्या एका कंपनीने दोन वर्षांचा बाँड आणि मूळ मार्कशीट जमा करायला सांगितल्या होत्या. मूळ कागद देणार नाही, झेरॉक्स आणि पडताळणीला ओरिजिनल दाखवीन, असं मी सांगितलं आणि ती ऑफर सोडली. "बाँडला कोर्टात काही किंमत नसते" असं होस्टेलवर सगळे छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. मे २०२५ मध्येच विजया बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती आणि प्रत्येक प्रकरण वेगळं, पण सही करण्याआधी रक्कम किती, मुदत किती आणि कंपनी बदल्यात कोणतं ट्रेनिंग देतेय हे वाचाच. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्यात, त्यात नियुक्तिपत्र देणं मालकांवर बंधनकारक आहे. तोंडी "या सोमवारपासून" म्हणणाऱ्याकडे ते मागा.

पैसे भरून सीव्ही बनवून देणाऱ्या किंवा अर्ज वर दाखवणाऱ्या सेवा मी घेतल्या नाहीत. फ्रेशरचा सीव्ही एका पानाचा, तो कॉलेजच्या सरांकडून तपासून घेतला तरी भागतं. सरकारी महास्वयम पोर्टलवर नोंदणी फुकट आहे, ती करून ठेवा, रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते. आणि कुणाला स्वतःच्या ब्रेकअपचं गणित जमत नसेल तर नाव झाकून मला पाठवा, रविवारी सुट्टी असते तेव्हा बसून मांडून देईन.